घाटाखालचें ऊन

दुखण्यांतून उठलेल्या माणसास हवापालटासाठीं कोठें तरी पाठवावें, ही रीत आपल्या घराघरांतून फार दिवसांची आहे. परंतु ज्यास कांहीं दुखणें झालेलें नाहीं, जें माणूस रोज पहाटे उठून स्वैपाकघरांत शिरतें आणि रात्रीं सर्वांच्या मागून अंथरुणास पाठ टेकतें, त्यासही हवापालट हवा असतो, हें मात्र सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या घरीं तें ध्यानांत यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. गेल्या पौषांत आम्ही अकरा माणसें राधानगरीहून मालवणास जाऊन पांच दिवस समुद्रकांठीं राहून आलों. त्या पांच दिवसांची ही हकीकत आहे. प्रवास मोठा होता म्हणून ती सांगावीशी वाटते असें नव्हे. उलट तो इतका लहान असून इतकीं वर्षें कां घडला नाहीं, याचाच विचार वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

राधानगरी हें गांव कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस, भोगावतीच्या कांठीं, सह्याद्रीच्या अगदीं कुशींत आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं आपल्या कन्येच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या, नांवावरून त्यास हें नांव दिलें. आणि भोगावतीवर जें धरण बांधावयास घेतलें, त्याच्या जलाशयास महाराणींच्या नांवानें लक्ष्मी तलाव म्हटलें. महाराजांच्या हयातींत तें काम पुरें झालें नाहीं, पुढें झालें. आज त्यांत ८.३६ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि तलाव भरला म्हणजे त्याचे सात दरवाजे कोणीं हात न लावतां आपोआप उघडतात.

या पाण्याची एक मौज आहे. तें सारें पश्चिमेच्या समुद्रांतून वर आलेलें. मोसमी वाऱ्यांनीं तें उचलून घाटमाथ्यावर आणून ओतावें, आणि भोगावतीनें तें घेऊन समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघावें. पंचगंगेंत मिळावें, नृसिंहवाडीस कृष्णेच्या स्वाधीन व्हावें, आणि सारें दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास जावें! ज्या समुद्राचें तें पाणी, तो समुद्र भोगावतीच्या उगमापासून सरळ रेषेंत पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. आमचें घरही या नदीसारखेंच वागत आलें. निघावयाचें तें पूर्वेस : कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाला, वाडीस दत्तदर्शनाला, नाहीं तर पंढरपुरास. एकदां गणपतिपुळ्यास गेलों तेंही कोल्हापूरवरून, आंबा घाटानें, आणि दर्शन घेऊन त्याच रात्रीं परत. आमच्या दाराशींच असलेला फोंडा घाट केवळ समुद्रासाठीं म्हणून उतरावा, असें कारण कधीं पडलेंच नाहीं.

ज्यांनीं आमच्याकडील पावसाळा पाहिला नाहीं, त्यांस नुसतें ‘पाऊस फार’ म्हणून सांगून कांहीं समजावयाचें नाहीं. मृगांत जी झड लागते ती गणपति उठले तरी पुरती थांबत नाहीं. भिंतींना ओल चढते, पुस्तकांना वास येतो, पितळेचीं भांडीं घांसलीं तरी दोन दिवसांत काळवंडतात, आणि लहान मुलांचीं दुपटीं तव्याच्या उबेवर वाळवावीं लागतात. आठ-आठ दिवस सूर्यनारायणाचें दर्शन होत नाहीं. पुढें दिवाळीनंतर लख्ख ऊन पडतें हें खरें. पण तें पडतें अंगणांत आणि पुढल्या ओसरीवर. स्वैपाकघर, न्हाणीघर, कोठीची खोली, हीं सारीं मागल्या अंगास, डोंगराच्या बाजूला. ज्यांचा दिवस तेथें जातो त्यांचा पावसाळा वर्षभर सरत नाहीं.

आमच्या थोरल्या काकूंनीं या घरांत असे बावन्न पावसाळे काढले. मी येथें सून म्हणून आलें त्यास एकोणीस वर्षें होऊन गेलीं. पण काकू दिवसा उगाच बसल्या आहेत, असें मीं कधीं पाहिलें नव्हतें. बसल्या तर मांडीवर ताट असावयाचें आणि ताटांत तांदूळ. तांदूळ संपले तर वाती. गेलीं दोन वर्षें त्यांचे गुडघे व कंबर फार दुखूं लागली. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, “ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. औषध देतों, पण काकू, थोडें उन्हांत बसत जा.” त्यावर काकू हंसून म्हणाल्या, “उन्हांत बसायचं म्हणजे पापड तरी वाळत घातले पाहिजेत!” आम्ही सर्व हंसलों. घरीं आल्यावर मात्र तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. काम असल्यावांचून उन्हांत बसण्याचा हक्क आपल्याला आहे, असें या बाईंना बावन्न वर्षांत वाटलेलें नव्हतें. आणि तो आहे, असें आम्हींही त्यांना कधीं सांगितलें नव्हतें.

मालवणास जाण्याची सूचना प्रथम केली ती माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीनें. ती कोल्हापुरास शिकते. थोरले काका म्हणाले, “समुद्रावर आहे काय? पाणी आणि वाळू. पाणी आपल्या धरणांत हवं तेवढं आहे!” मग नेहमींच्या अडचणी पुढें आल्या. देवपूजा कोण करणार, गाईचें कोण पाहणार, काकांच्या पथ्याचें काय. अखेर काकूच म्हणाल्या, “तुम्ही सगळे जाऊन या. मी घर राखतें.”

वाचकहो, एकत्र कुटुंबांतील पुष्कळशा सहलींचा निकाल याच एका वाक्यानें लागत असतो. घर राखणारें माणूस आपण होऊन पुढें आलें म्हणजे बाकीच्यांचें मन हलकें होतें, आणि तें माणूस दर वेळीं तेंच कां असतें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. त्या दिवशीं तो विचारला आमच्या बावीस वर्षांच्या पुतण्यानें. तो म्हणाला, “काकू, घर मी राखतों. पूजा मला येते. गाईचं मी पाहीन, आणि काकांना भात-आमटी करून घालीन.” काकांनाही समुद्राची हौस नव्हतीच, ते पुतण्याजवळ राहण्यास कबूल झाले. काकूंना नाहीं म्हणावयास सबबच उरली नाहीं. पुढचे तीन दिवस त्या पुतण्यास नैवेद्याची वाटी कोठें असते, विरजण किती लावावयाचें, आणि गाय कोणत्या हांकेस ओ देते, हें शिकवीत होत्या.

आम्हीं आणखी एक अट घातली होती. मुक्कामीं गेल्यावर घरच्या कोणाही बाईनें स्वैपाक करावयाचा नाहीं. निघण्याच्या पहाटे पाहतें तों काकूंच्या पिशवींत लहान स्टोव्ह, थालीपिठाची भाजणी आणि लाडवांचे दोन डबे! स्टोव्ह मीं उतरवून ठेवला. लाडू राहूं दिले.

राधानगरी सोडली म्हणजे रस्ता तलावाच्या कडेकडेनें दाजीपूरकडे चढतो. दोन्ही बाजूंस गव्यांचें अभयारण्य आहे. १९५८ सालीं तें दाजीपूरच्या नांवानें स्थापन झालें, आणि पश्चिम घाटांतील ज्या वनांस २०१२ मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत राधानगरीचें हें वनही आहे. पहाटेची थंडी अशी होती कीं मुलें शालींतून तोंड बाहेर काढीनात. दाजीपूर मागें पडलें, आणि घाटाच्या पहिल्या वळणावर खालचें कोंकण धुक्यानें भरलेलें दिसलें. दुधानें कांठोकांठ भरलेल्या परातींत डोंगरांचीं टोंकें तेवढीं वर राहावींत तसें. गाडी जसजशी खालीं उतरूं लागली तसतशा एकेक शाली सुटल्या. फोंड्यास आलों तेव्हां स्वेटर निघाले, आणि कणकवलीस चहा घेतांना पंख्याखालची जागा मुलांनीं शोधली. दोन-अडीच तासांत इतका पालट! पुढें कसालवरून मालवणचा रस्ता लागला. तांबडी माती, जांभ्याचे गडगे, मोहरलेले आंबे, आणि मग माडांच्या रांगा. काकू खिडकीशीं बसून एकसारख्या बाहेर पाहत होत्या. मध्येंच म्हणाल्या, “इतकं जवळ होतं होय?”

आम्ही उतरलों ते मालवणच्या दक्षिणेस तारकर्लीला, सुरूच्या बनाजवळ, एका घरगुती मुक्कामांत. येथें पुष्कळ कुटुंबांनीं आपल्या घराच्या दोन-चार खोल्या प्रवाशांसाठीं राखल्या आहेत. राहणें आणि दोन वेळचें जेवण तेथेंच होतें. मालवणची ख्याति माशांची असली तरी शाकाहारी माणसाची आबाळ होते असें नाहीं. आधीं सांगून ठेवलें म्हणजे घावन, आंबोळी व काळ्या वाटाण्याची उसळ, नारळाच्या रसांतले शिरवाळे, सोलकढी, असें साधें व रुचकर जेवण मिळतें. मात्र भांडीं व चूल वेगळीं हवींत असा ज्यांचा कटाक्ष असेल, त्यांनीं तो जागा ठरवितांनाच स्पष्ट बोलून घ्यावा. ऐन पानावर वाद काढूं नये.

हिवाळ्यांत घाटावर आणि घाटाखालीं हवेंत इतका फरक कां, याचें कारण सोपें आहे. एक तर आमचें गांव समुद्रसपाटीहून अर्ध्या किलोमीटरहून अधिक उंचावर आहे. दुसरें, जमीन लवकर तापते व लवकर निवते, समुद्र मात्र आपली ऊब सहसा सोडीत नाहीं. रात्रीं निवलेल्या जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दुपारीं तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येतात ते खारे वारे. म्हणून सकाळीं समुद्र आरशासारखा शांत असतो. पाण्यांतून तळाची वाळू दिसते. दुपारीं वारा फिरला म्हणजे लाटा उठतात, आणि ऊन कडक असूनही अंगास टोंचत नाहीं. याच वाऱ्यांच्या भरंवशावर येथील कोळी-गाबीत लोकांनीं पिढ्यान् पिढ्या शिडें हांकलीं.

समुद्रकांठीं निव्वळ विश्रांतीसाठीं जाऊन राहण्याची चाल युरोपांतही तशी फार जुनी नव्हे. रिचर्ड रसेल नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें १७५० सालीं समुद्रस्नानाचे, इतकेंच नव्हे तर समुद्राचें पाणी पिण्याचेही, गुण सांगणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या मागोमाग रोगी व हौशी लोकांची ब्रायटनला रीघ लागली. पुढें सधन इंग्रज हिवाळा चुकविण्यासाठीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसला जाऊं लागले. तेथील समुद्रकांठचा रस्ता अद्यापि इंग्रजांच्याच नांवानें ओळखला जातो. उन्हास औषधाचा मान मिळाला तो याहूनही उशिरां. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांस १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज हिवाळा आला म्हणजे तेच युरोपीय लोक हजारों कोसांवरून आमच्या शेजारच्या गोव्यास, कळंगुट-बागाच्या वाळूवर, ऊन खाण्यासाठीं येतात. आपण तर सूर्याचे उपासक. रथसप्तमीस त्याची पूजा करतों, संध्येंत त्यास अर्घ्य देतों. औंधचे पंतप्रतिनिधि भवानराव यांनीं सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठीं केवढी खटपट केली! परंतु आपल्याच घरांतील अर्ध्या माणसांपर्यंत त्या सूर्याचें ऊन पोंचतें कीं नाहीं, याची चौकशी आपण करीत नाहीं.

पहिल्या दिवशीं काकू पहाटे पांचालाच उठल्या. अंथरूण घडी करून ठेवलें, स्नान केलें, आणि मग काय करावें तें सुचेना. हळूच मागल्या दारीं जाऊन घरच्या मालकिणीला म्हणाल्या, “नारळ खवून देऊं का?” त्या बाई हंसून आपल्या मालवणींत म्हणाल्या, “तुमी बसान ऱ्हवा, आजी. हयसर तुमी पावणे.” काकू ओशाळून परत आल्या. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांना सुरूच्या सावलींत चटई घालून दिली. तेथें बसून त्यांनीं शिंपल्या जमविल्या, आणि गहूं निवडावे तशा त्या निवडून लहान-मोठ्यांच्या वेगळ्या राशी केल्या. तिसऱ्या दिवशीं दुपारीं बाराच्या सुमारास मी शहाळें घेऊन गेलें, तों काकूंनीं चटई सावलींतून ओढून उन्हांत घेतली होती. पाय लांब पसरले होते. दोन्ही हात मांडीवर उताणे होते, आणि त्यांत कांहीं नव्हतें. ना ताट, ना वात. एकोणीस वर्षांत मीं तें प्रथम पाहिलें. मी शहाळें ठेवून तशीच मागें फिरलें.

उन्हासंबंधीं येथें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. सकाळचें कोवळें ऊन सुखाचें असलें तरी ज्या किरणांनीं आपल्या कातडींत ड जीवनसत्त्व तयार होतें, ते त्यांत फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हां ते पुरेसे असतात, अशी एक स्थूल खूण आहे. आपल्या भागांत ऐन हिवाळ्यांत हा काल सुमारें अकरापासून दोनपर्यंतचा. तेवढ्यांत हात, पाय व तोंड थोडा वेळ उघडें ठेवावें. तासन् तास भाजून घेण्यांत अधिक लाभ नाहीं; कातडी मात्र करपते. सांवळ्या माणसास गोऱ्याहून अधिक वेळ लागतो. दुसरें असें कीं, डॉक्टरांनीं दिलेलें औषध उन्हाच्या भरंवशावर सोडूं नये, आणि समुद्रस्नानानें संधिवात समूळ जातो असें कोणीं सांगितलें तर विश्वास ठेवूं नये. काकूंचे गुडघे पांच दिवसांत बरे झाले असें मी म्हणणार नाहीं. रात्रीं त्यांना झोंप मात्र गाढ लागूं लागली.

चौथ्या दिवशीं सकाळीं आम्ही होडींतून सिंधुदुर्गास गेलों. छत्रपति शिवाजी महाराजांनीं कुरटे बेटावर हा किल्ला १६६४ च्या नोव्हेंबरांत बांधावयास घेतला आणि १६६७ सालीं तो पुरा झाला. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा तेथें झाली असें सांगतात. आंत राजाराम महाराजांच्या काळांतील शिवराजेश्वराचें मंदिर आहे, आणि चोहोंकडे खारट पाणी असून दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडें पाणी आहे. कोल्हापूरकरांस हा किल्ला परका नव्हे. तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ सालीं इंग्रजांनीं तो घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांवही दिलें. पुढें तो परत मिळाला, आणि १८१२ च्या तहानें मालवण इंग्रजांकडे गेलें तेव्हां कोल्हापूरचा हा समुद्र सुटला. तटावर उभे राहून हें सर्व मुलांना सांगत असतां काकू म्हणाल्या, “म्हणजे आपणच विसरलों म्हणायचं!”

त्याच दुपारची एक गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाहीं. माझा अकरा वर्षांचा मुलगा भावंडांबरोबर कमरेइतक्या पाण्यांत खेळत होता. आम्ही मोठीं माणसें बोलण्यांत गुंग. एकाएकीं काकू उठून ओरडल्या, “त्याचे पाय टेकत नाहींत!” आम्हांला तर तो पाण्यांत उड्या मारतो आहे असेंच वाटत होतें. जवळच जाळें सांधीत बसलेल्या एका दर्यावर्दी माणसानें धांव घेऊन त्यास काढलें. ओहोटी लागली होती, आणि उतरत्या पाण्याच्या ओढीनें मुलगा हात-दोन हात आंत गेला होता. कांहीं अपाय झाला नाहीं इतकेंच. एप्रिल २०१७ मध्यें येथून जवळच, वायरीच्या किनाऱ्यावर, बेळगावचीं आठ तरुण माणसें बुडालीं, हें त्या माणसानें आम्हांला त्या वेळीं सांगितलें. समुद्र शांत दिसला म्हणजे तो निर्धास्त आहे असें नव्हे.

भरती-ओहोटीचा येथील जुना हिशेब पंचांग बाळगणाऱ्या प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावा. तिथीची पाऊणपट केली म्हणजे त्या दिवशींच्या भरतीची वेळ स्थूलमानानें निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारीं बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. एकादशीस भरती सव्वाआठाच्या सुमारास, आणि ओहोटी दुपारीं अडीचच्या आगेंमागें. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, तेव्हां ओढ अधिक. पाणी उतरत असतां मुलांना आंत जाऊं देऊं नये, नदीच्या मुखाजवळ कोणींच पोहूं नये, आणि कोणता भाग धोक्याचा आहे हें गांवच्या माणसास विचारल्यावांचून पाण्यांत पाऊल टाकूं नये.

मुलाच्या अंगावर कोरडें वस्त्र गुंडाळून झाल्यावर मीं काकूंना विचारलें, “तुम्हांला कसं कळलं?” त्या म्हणाल्या, “पोहणाऱ्याला कळतं.” मग त्यांनीं सांगितलें कीं, माहेरीं गारगोटीस असतांना त्या वेदगंगेंत ऐन श्रावणांत या तीरावरून त्या तीरावर पोहत जात असत. लग्नानंतर नदी दाराशीं असून त्या पाण्यांत उतरल्या नाहींत. बावन्न वर्षांत ही गोष्ट घरांतल्या एकाही माणसास ठाऊक नव्हती. कोणीं विचारलीच नव्हती.

शेवटच्या दिवशीं सकाळीं किनाऱ्यावर रापण लागली होती. लांबलचक जाळें होडीनें अर्धवर्तुळांत टाकून त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसें ओढीत होतीं. जाळें वर आलें म्हणजे बायका टोपल्या घेऊन निवडावयास बसतात. मासळीच्या वासानें आमच्यांतील पुष्कळजण लांब सरले. काकू मात्र बेताच्या अंतरावर उभ्या राहून त्या बायकांचे हात किती झरझर चालतात तें पाहत राहिल्या. त्यांतील एका म्हातारीस त्यांनीं विचारलें, “तुम्हांला सुटी कधीं?” ती मान वर न करतां म्हणाली, “आमची सुटी पावसात. तेव्हा दर्यात जावक गावणा नाय.” काकू हंसल्या आणि म्हणाल्या, “आमचं उलट. आमच्या कामाला पावसांतच ऊत.” दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या. त्या म्हातारीनें आपल्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या कीं काकूंनीं माझ्या, हें कळण्यास मार्ग नाहीं. उठतांना काकूंनीं उरलेल्या लाडवांचा डबा तिच्या हातीं दिला. आणि मग पातळ गुडघ्यांपर्यंत खोंचून, भरतीचें पाणी चढत आहे ना एवढें मला विचारून, त्या समुद्रांत शिरल्या. कमरेइतक्या पाण्यांत गेल्या, आणि लाट आली तशी सहज तिच्याबरोबर वर उचलल्या गेल्या. पाण्यानें गुडघ्यांवरचा भार घेतला होता. किनाऱ्यावर मुलें टाळ्या वाजवीत होतीं, पण त्यांचें लक्ष कोणाकडेच नव्हतें.

परत आलों तेव्हां घर जागच्या जागीं होतें. गाय बरी होती, देव पारोसे राहिले नव्हते. पुतण्या म्हणाला, “पूजा अवघड नाहीं, काकू. पण आपल्या घरांत दिवसांतून चहा किती वेळां होतो हें मला माहीत नव्हतं!” पांचांपैकीं दोन दिवस तो चहा खुद्द थोरल्या काकांनीं केला होता, आणि ही बातमी त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितली. तेव्हांपासून दोन नियम घरांत चालूं आहेत. दुपारचा चहा पुरुषमंडळी करतात, आणि ऊन असेल त्या दिवशीं बारा वाजतां पुढल्या ओसरीवर काकूंची खुर्ची निघते. त्या खुर्चीवर बसतांना हातांत कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा दंडक आहे. तो कधीं कधीं मोडतो. पण मोडला म्हणजे मुलें ओरडतात.

आमच्यासारख्या घाटमाथ्यावरील कुटुंबांना माझी एवढीच विनंती आहे. नाताळच्या सुटींत किनाऱ्यावर फार गर्दी असते. ती टाळून संक्रांतीच्या आगेंमागें चार दिवस काढा. कोल्हापूरकडून राज्य परिवहनाच्या गाड्या मालवणास जातात. मोठी मोटार भाड्यानें घेण्याची ऐपत नसली तरी अडत नाहीं. आणि जातांना घरांतील सर्वांत कमी हिंडलेलें माणूस आधीं गाडींत बसवा. घर राखावयास या खेपेस दुसरें कोणी तरी राहूं द्या. तें माणूस नको म्हणेल. एकदां म्हणेल, दोनदां म्हणेल. तरी त्याचें ऐकूं नका.

परवां नवें पंचांग घरांत आलें. काकूंनीं चष्मा लावून तें प्रथम आपल्याकडे घेतलें, आणि पौषाचें पान काढून बोटावर कांहीं मोजूं लागल्या. मला वाटलें, एखादें व्रत पाहत असतील. जवळ जाऊन ऐकतें तों लहानपणींची पाऊणकी चालली होती : सहा पाऊणे साडेचार, सात पाऊणे सव्वापांच, आठ पाऊणे सहा.